मँडेलब्रॉटचा खोल झूम: डबल पुरत नाही, एमपीएफआर परवडत नाही, मधला रस्ता काय?

शून्यवेध

नमस्कार मंडळी. सी++ मध्ये मँडेलब्रॉट सेट काढायचा प्रोग्रॅम लिहितोय, निव्वळ आवड म्हणून. नेहमीचंच सूत्र, झेड शून्यापासून सुरू, दर फेरीला झेडचा वर्ग अधिक सी (सी म्हणजे ज्या बिंदूचा रंग ठरवायचा तो बिंदू), मापांक २ च्या पुढे गेला की तो बिंदू पळाला, आणि किती फेऱ्यांत पळाला त्यावरून रंग. सगळं डबलमध्ये, म्हणजे ६४ बिटी फ्लोटिंग पॉइंट आकड्यांत. सीहॉर्स व्हॅलीत, म्हणजे -०.७५ + ०.१ आय च्या आसपास झूम करत गेलं की १०^१२ पर्यंत चित्र अप्रतिम येतं, १०^१३ च्या पुढे कडा तुटायला लागतात आणि १०^१५ ला तर नुसते आडवे आयत उरतात. म्हणून एमपीएफआर ही हवे तितके अंक ठेवू देणारी लायब्ररी आणली, १२८ बिट ठेवले, चित्र बरोबर आलं, पण आधी जे क्षणात व्हायचं ते आता जेवून आलं तरी संपलेलं नसतं. आणि हे फक्त १०^२० ला! लोक १०^१००० च्या पुढचे व्हिडिओ टाकतात ते कशावर करतात? माझा साधा आठ कोअरचा लॅपटॉप आहे. मला नेमकं हे समजून घ्यायचंय की प्रत्येक पिक्सेलला खरंच एवढे अंक लागतात का, की कुठेतरी काटकसर करता येते आणि तरी चित्र खरं राहतं.

खडूफळा

चांगला प्रश्न आहे, आणि आयत आडवे येतायत हे तुम्ही टिपलंत ते फार छान, कारण उत्तराची सुरुवात तिथेच आहे.

डबलमध्ये मँटिसा (आकड्याचे खरे अंक साठवणारा भाग) ५३ बिटांचा, म्हणजे साधारण १५-१६ दशांश अंक. पण हे अंक आकड्याच्या आकारावर मोजले जातात. ०.७५ च्या आसपास दोन शेजारच्या डबल आकड्यांमधलं अंतर २^-५३, म्हणजे सुमारे १.१ × १०^-१६. ०.१ च्या आसपास तेच अंतर २^-५६, आठपट बारीक. तुमचं चित्र हजारभर पिक्सेल रुंद आहे असं धरू, १०^१३ झूमला सगळ्या चित्राची रुंदी ३ × १०^-१३, म्हणजे एका पिक्सेलला ३ × १०^-१६ आले, दोन पिक्सेलांच्या मध्ये दोन-तीनच आकडे उरले. अजून दहापट आत गेलात की शेजारच्या तीन-चार पिक्सेलांना क्ष-निर्देशक एकच मिळतो, य मात्र अजून वेगवेगळे असतात, म्हणून आडवा आयत. सुईवर, म्हणजे सेटच्या डावीकडच्या बारीक टोकावर, -१.७५ पाशी अगदी वास्तव अक्षाला चिकटून झूम करून बघा, तिथे य जवळजवळ शून्य असल्यामुळे त्याचे अंक लवकर संपत नाहीत आणि चित्राचे उभे पट्टे होतात.

रात्रपाळी

एमपीएफआर १२८ बिटला एवढं हळू का, तर प्रत्येक बेरीज-गुणाकार हा फंक्शन कॉल आहे, आकडे मेमरीत वेगळे पडलेले, आणि प्रोसेसरच्या एव्हीएक्स सूचना, ज्या एका फटक्यात चार डबल करतात, त्या वापरताच येत नाहीत. ही लायब्ररी मोठ्या आकड्यांसाठी उत्तम आहे पण १०० बिटांसाठी तिचा डोलारा जड पडतो.

१०^२८ पर्यंतच जायचं असेल तर डबल-डबल करा. एक आकडा म्हणजे दोन डबलांची बेरीज, मोठा भाग आणि उरलेला बारीक भाग, मिळून १०६ बिट, ३१ अंक. एका बेरजेला दहा-वीस साध्या क्रिया लागतात, गुणाकाराला एफएमए (गुणाकार आणि बेरीज एकदम करणारी सूचना) असेल तर त्याहून कमी, आणि सगळं एव्हीएक्समध्ये बसतं. फक्त कंपायलरला फास्ट-मॅथचा फ्लॅग अजिबात देऊ नका, कारण त्यात कंपायलर (अ + ब) - अ म्हणजे ब असं समजून पुढे जातो, आणि डबल-डबलची सगळी मदार नेमकी त्या दोघांत जो फरक पडतो त्याच्यावर आहे. फ्लॅग दिला की प्रोग्रॅम झकास पळतो आणि अचूकता गुपचूप परत साध्या डबलवर येते, एरर वगैरे काही नाही.

जीपीयूकडे वळायचा विचार असेल तर हेही बघा, गेमिंग कार्डावर डबलचा वेग फ्लोटच्या (३२ बिटी आकड्याच्या) ३२ व्या किंवा ६४ व्या भागाइतका असतो. आणि फ्लोटमध्ये २४ बिट, सात अंक, १०^५ च्या थोडं पुढे गेलं की खेळ खलास.

कोकणकडा

हा वाद जुना आहे बरं का. १९८८ साली फ्रॅक्टइंट हे फ्रॅक्टल काढायचं सॉफ्टवेअर आलं (आधी त्याचं नाव फ्रॅक्ट३८६ होतं) तेव्हा बहुतेकांच्या मशीनमध्ये ३८७ कोप्रोसेसरच नसायचा, फ्लोटिंग पॉइंट म्हणजे रडतखडत. त्या लोकांनी सरळ ३२ बिटांच्या पूर्णांकात फिक्स्ड पॉइंट गणित (दशांश चिन्हाची जागा ठरलेली) केलं आणि वेग इतका मिळवला की लोक थक्क झाले. अचूकता संपली की फ्लोटिंग पॉइंटवर जायचं, हळू चालेल पण पुढे जाता येईल. नंतर त्यात कितीही अंकांचं गणितही आलं, पण रात्रभर मशीन चालू ठेवायची तयारी हवी. पुढे एक्झाओएस या प्रोग्रॅमने वेगळाच मार्ग काढला, आधीच्या फ्रेममधले पिक्सेल शक्य तितके परत वापरायचे आणि फक्त उरलेले नव्याने मोजायचे, त्यामुळे साध्या मशीनवरही सलग झूम होतो. पण डबलची भिंत त्यालाही चुकली नाही.

ती भिंत खऱ्या अर्थाने फुटली २०१३ मध्ये. के. आय. मार्टिन यांनी सुपरफ्रॅक्टलथिंग नावाचा जावा प्रोग्रॅम आणला, सोबत दोन-तीन पानांचं गणित. शून्यवेध, तुमच्या "प्रत्येक पिक्सेलला लागतात का" या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. नाही लागत. एकाच बिंदूला लागतात. खडूफळा सर, तुम्हीच समजावा, तुमची हातोटी चांगली आहे.

खडूफळा

प्रयत्न करतो, जरा लांबेल.

चित्रातला एक बिंदू निवडा, समजा मधला. त्याची सगळी कक्षा, म्हणजे झेड एक, झेड दोन, झेड तीन... ही एमपीएफआरमध्ये पूर्ण अंकांनिशी काढा. हा रेफरन्स ऑर्बिट. आता शेजारच्या पिक्सेलचा झेड म्हणजे रेफरन्सचा झेड अधिक एक छोटा फरक, त्याला डेल्टा म्हणू. (झेड + डेल्टा) चा वर्ग उलगडा आणि त्यातून रेफरन्सचं समीकरण वजा करा. झेडचा वर्ग दोन्हीकडे आहे, तो कागदावरच कटतो. उरतं ते असं:

नवा डेल्टा = २ × झेड × डेल्टा + डेल्टाचा वर्ग + सी मधला फरक

आता यात गंमत बघा. ट्रकसकट अंगठीचं वजन करायचं आणि त्यातून रिकाम्या ट्रकचं वजन वजा करायचं, हे आपण आत्तापर्यंत करत होतो आणि म्हणून काटा इतका बारीक लागत होता. इथे अंगठी एकटीच काट्यावर आहे. डेल्टा १०^-२०० असला तरी फ्लोटिंग पॉइंटमध्ये त्याचे सोळा अंक शाबूत असतात, कारण शून्यं एक्स्पोनंटमध्ये जातात, मँटिसा सगळा खऱ्या अंकांसाठी मोकळा. रेफरन्सचा झेड मोजायचा पूर्ण अंकांनिशी, पण मोजून झाल्यावर साठवायचा साध्या डबलमध्ये, कारण गुणाकाराला सोळाच अंक पुरतात.

हिशोब करा. १०^१००० झूमला किमान ३३२२ बिट लागतात, म्हणजे ६४ बिटांचे ५२ शब्द, शाळेतल्या पद्धतीने एका गुणाकाराला २७०४ छोटे गुणाकार. फुल एचडी चित्रात २०,७३,६०० पिक्सेल. आधी हा खर्च प्रत्येक पिक्सेलच्या प्रत्येक फेरीला होता, आता फक्त एका बिंदूच्या कक्षेला, बाकीचे वीस लाख बिंदू हार्डवेअरच्या डबलवर. तुम्ही विचारलेले १०^१००० चे व्हिडिओ यावर चालतात. अख्खं दृश्य विश्व आणि प्लांक लांबी यांचं गुणोत्तर १०^६२ च्या आत बसतं, त्यावरून १०^१००० किती खोल आहे बघा, आणि तरी लॅपटॉपवर होतं!

शून्यवेध

बाप रे. हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे बीजगणिताच्या एका ओळीने एवढा फरक? आज रात्रीच बसतो.

अनुस्वार

बसण्याआधी माझंही ऐकून घ्या. मी या चित्रांचे मोठे प्रिंट काढते, तीन-चार फुटी, भिंतीवर लावायचे, त्यामुळे माझ्याकडे एकेक पिक्सेल लोक नाकाला नाक लावून बघतात.

खडूफळा यांनी सांगितलेल्या युक्तीत एक खड्डा आहे. झेड आणि डेल्टा जवळजवळ समान आणि विरुद्ध चिन्हाचे झाले की त्यांची बेरीज शून्याजवळ येते आणि पुढचे अंक उडतात, म्हणजे जी वजाबाकी आपण टाळली तीच मागच्या दाराने परत येते. चित्रात तिथे सपाट एकरंगी ठिपका पडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे नक्षीदार पण खोटा भाग येतो. याला ग्लिच म्हणतात. सुरुवातीला हे डोळ्यांनी शोधावे लागायचे. २०१४ मध्ये फ्रॅक्टल फोरमवर पॉलडेलब्रॉट या नावाने लिहिणाऱ्या एका सभासदाने कसोटी दिली, बेरजेचा मापांक रेफरन्सच्या झेडच्या हजाराव्या भागापेक्षा लहान झाला की तो पिक्सेल संशयित धरायचा. मग त्या ठिपक्यात नवा रेफरन्स घ्यायचा आणि तेवढेच पिक्सेल परत काढायचे. कॅलेस फ्रॅक्टालर हे सॉफ्टवेअर हेच करायचं. अवघड जागी एका चित्राला ढीगभर रेफरन्स लागायचे आणि प्रत्येक रेफरन्स म्हणजे पुन्हा पूर्ण अंकांची कक्षा.

माझं म्हणणं एवढंच की वेगाच्या नादात ही कसोटी सैल करू नका. जो भाग सेटमध्ये नाहीच तो तुम्ही लोकांना सेट म्हणून दाखवता, आणि बघणाऱ्याला ते कळायचा काही मार्ग नसतो.

रात्रपाळी

> वेगाच्या नादात ही कसोटी सैल करू नका

प्रिंटसाठी मान्य. पण मी व्हिडिओ करतो, तिथे फ्रेम सेकंदाच्या तिसाव्या भागात निघून जाते, आणि दर दुपटीला एक मुख्य फ्रेम धरली तरी १०^१००० ला तीन हजारांवर फ्रेम होतात. प्रत्येक फ्रेमला दुप्पट वेळ दिला तर आठवडा जातो, आमच्याकडे मंगळवारी लाईट जाते ते वेगळंच. चार पिक्सेल इकडचे तिकडे झाले तर माझ्या मते चालतं.

बाकी ग्लिचचा मुद्दा आता बराच सुटलाय. २०२१ मध्ये झुओरान या सभासदाने रीबेसिंग सुचवलं. रेफरन्सची सुरुवात शून्यापासून असते ना, मग झेड अधिक डेल्टा ही बेरीज खुद्द डेल्टापेक्षा लहान झाली की ती बेरीजच नवा डेल्टा धरायची आणि रेफरन्सच्या कक्षेत परत शून्याव्या पायरीवर यायचं. बस. रेफरन्स एकच पुरतो, संशयित पिक्सेलांची यादी नको, दुसरी फेरी नको. कोडमध्ये पाच ओळी वाढतात.

अनुस्वार

रीबेसिंगने माझं निम्मं काम वाचलं हे मी आनंदाने मान्य करते. पण "चार पिक्सेल चालतात" हे नाही पटलं. ग्लिच चार पिक्सेलांचा असतो तसा चारशेचाही असतो, आणि तुमच्या व्हिडिओत तो पुढच्या प्रत्येक फ्रेममध्ये दुपटीने मोठा होत मध्यभागी येऊ शकतो. शिवाय नुसती रंगसंगती छान आहे म्हणून चित्र बरोबर मानायची सवय लागली की मग प्रोग्रॅममधला खरा दोषही सुंदर वाटायला लागतो. या विषयाची सगळी मोहिनीच ही आहे ना, की एवढ्या खोल जाऊनसुद्धा तिथे जे दिसतं ते कुणी रंगवलेलं नाही, ते तिथे आहे.

खडूफळा

दोघांच्या म्हणण्यात मला वाटतं दोन वेगळ्या चुकांची गल्लत होतेय, त्या वेगळ्या काढू या.

पहिली साधी राउंडिंगची. क-व्या फेरीला झेडमध्ये १०^-१६ ची चूक शिरली, तर ती सी मध्ये किती फरक केल्यासारखी आहे? ती चूक भागिले त्या फेरीपर्यंतचा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे सी किंचित हलवला तर झेड त्याच्या किती पट हलतो तो आकडा. बाहेरच्या बिंदूंसाठी डेरिव्हेटिव्ह एकंदरीत वाढत जातो, म्हणून उशिरा शिरलेली चूक सी च्या मानाने नगण्य ठरते. म्हणजे तुम्हाला मिळालं ते चुकीचं उत्तर नसून अगदी लगतच्या बिंदूचं बरोबर उत्तर असतं. लगतचा म्हणजे पिक्सेलच्या आतच. फेऱ्यांचा आकडा एखाद्याने इकडेतिकडे होईल, चित्राचा आकार बदलणार नाही. रात्रपाळी ज्याला चालतं म्हणतात ते हे, आणि ते खरंच चालतं.

दुसरी ग्लिचची. झेड शून्याजवळ आला की डेरिव्हेटिव्हला २ × झेड ने, म्हणजे जवळजवळ शून्याने गुणलं जातं, तो एकदम आक्रसतो, आणि वरचा युक्तिवाद तिथेच कोसळतो. आता चूक पिक्सेलच्या आत राहत नाही, अनेक पिक्सेलांचं उत्तर एकाच भलत्या बिंदूचं होऊन बसतं. अनुस्वार ताई जे म्हणतायत ते हे, आणि ते एक पिक्सेलसुद्धा चालू नये. पहिल्या प्रकारात वेगासाठी सूट द्या, दुसऱ्यात देऊ नका.

रात्रपाळी

हे फार नीट मांडलंत, पटलं. मग याच कसोटीवर बीएलएचं (बायव्हेरिएट लिनियर अॅप्रॉक्सिमेशन) बघा, कारण आजकाल खरा वेग तिथून येतो. शून्यवेध, नवं आहे तुम्हाला, थोडक्यात सांगतो. डेल्टा खूप लहान असतो तेव्हा डेल्टाचा वर्ग सोडून दिला तरी फरक पडत नाही, मग एक फेरी म्हणजे नुसतं "अ × डेल्टा + ब × सीचा फरक". अशा दोन फेऱ्या जोडल्या तरी रूप तेच राहतं, फक्त अ आणि ब बदलतात. म्हणजे जोड्या करत करत २, ४, ८, १६ फेऱ्यांच्या उड्यांचा तक्ता आधीच बनवून ठेवायचा, आणि प्रत्येक उडीसोबत एक त्रिज्या, डेल्टा तिच्या आत असेल तरच उडी घ्यायची. लाख फेऱ्या काही शे पायऱ्यांत उरकतात. मार्टिन यांच्या मूळ कामातही उडी होती, सी मधल्या फरकाच्या घातांची सीरीज करून, पण ती सगळ्या पिक्सेलांना एकदम आणि फक्त सुरुवातीलाच मारता यायची, आणि कुठे थांबायचं ते ठरवताना फार चुका व्हायच्या. बीएलएमध्ये प्रत्येक पिक्सेल आपापली उडी कक्षेत कुठेही घेऊ शकतो.

त्या त्रिज्येत एक आकडा आपण ठरवायचा असतो, वर्गाचं पद किती लहान झालं की सोडायचं. डबलसाठी २^-५३ ठेवला की काहीच गमावत नाही. मी व्हिडिओसाठी २^-२४ ठेवतो, उड्या लांब होतात, वेळ बराच वाचतो.

अनुस्वार

आणि मी २^-५३ च ठेवते. पण खडूफळा यांच्या मांडणीनुसार तुमची सूट पहिल्या प्रकारात बसत असेल, मोठा झूम नसलेल्या जागी तरी. खूप फेऱ्यांच्या, एकात एक मिनीब्रॉट (अख्ख्या सेटच्या छोट्या प्रती) असलेल्या जागी २^-२४ ने कडा खरखरीत होतात, हे मी दोन प्रिंट शेजारी ठेवून पाहिलंय.

शून्यवेध

परत आलो! पर्टर्बेशन (म्हणजे ती रेफरन्स आणि डेल्टाची युक्ती) आणि रीबेसिंग बसवलं, बीएलए अजून नाही. ज्या १०^२० च्या चित्राला संध्याकाळ जायची ते आता चहा उकळायच्या आत होतं. १०^२५० पर्यंत जाऊन आलो, मिनीब्रॉटभोवती नक्षी दोनाची चार, चाराची आठ अशी दुपटीने वाढत जाते ते पहिल्यांदा स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये बघितलं, शब्द नाहीत. सगळ्यांचे मनापासून आभार.

आता दोन अडचणी. एक, १०^३०० च्या पुढे चित्र आधी कमालीचं हळू होतं आणि मग अख्खं एकाच रंगाचं येतं. दोन, चित्र खरं आहे याची खात्री कशी करायची? अनुस्वार ताईंचं वाचल्यापासून तेच डोक्यात आहे.

कोकणकडा

पहिलं सोपं आहे. डबलचा मँटिसा नाही, आता एक्स्पोनंट संपला. साधा डबल २.२ × १०^-३०८ पर्यंत जातो, त्याखाली डीनॉर्मल आकडे, जे बऱ्याच प्रोसेसरवर कूर्मगतीने चालतात, म्हणून आधी हळू, आणि त्याच्याही खाली थेट शून्य, म्हणून एकच रंग. उपाय म्हणजे एक डबल मँटिसासाठी आणि एक वेगळा पूर्णांक एक्स्पोनंटसाठी, याला फ्लोटएक्स्प म्हणतात. कितीही खोल जा. पण प्रत्येक क्रियेनंतर आकडा सावरून घ्यावा लागतो म्हणून कित्येक पट हळू. जुन्या एक्स८७ चा ८० बिटी लाँग डबल १०^-४९०० पर्यंत पोचतो, पण त्याला एव्हीएक्स नाही.

चांगला मार्ग म्हणजे डेल्टाला एका ठरलेल्या प्रमाणाने मोठं करून साध्या डबलमध्येच फिरवायचं. वर्गाचं पद तिथे इतकं बारीक होतं की शून्य झालं तरी हरकत नाही. फक्त रेफरन्सचा झेड स्वतःच अतिशय लहान येतो त्या मोजक्या फेऱ्या फ्लोटएक्स्पमध्ये करायच्या आणि परत डबलवर यायचं.

अनुस्वार

दुसऱ्याबद्दल मी काय करते ते सांगते. चित्रातले शंभर-दोनशे पिक्सेल रँडम निवडून तेवढेच पूर्ण एमपीएफआरमध्ये काढते आणि फेऱ्यांचे आकडे ताडून बघते, एकाचा फरक सोडून देते, दहाचा आला की थांबते. मग तेच चित्र वेगळा रेफरन्स घेऊन, आणि बिट ६४ ने वाढवून परत काढते आणि दोन्ही चित्रांची वजाबाकी बघते. वजाबाकीत विखुरलेले कण दिसले तर राउंडिंग, सलग आकार दिसला तर ग्लिच. आणि तुम्ही म्हणालात ती दोन-चार-आठची सममिती, ती फार उपयोगी पडते, एका हातात जे आहे ते समोरच्या हातात नसेल तर तिथेच शोधायचं.

खडूफळा

यात एक भर. रेफरन्स चित्राचा मध्य न घेता जवळच्या मिनीब्रॉटचं केंद्र घ्या. आधी त्याचा पीरियड, म्हणजे किती फेऱ्यांनी कक्षा परत सुरुवातीला येते ते, काढायचा, मग न्यूटनच्या पद्धतीने केंद्र गाठायचं, दर पायरीला बरोबर अंक दुप्पट होतात म्हणून हजार अंकांनाही मोजक्या पायऱ्या लागतात. केंद्राची कक्षा कधी पळत नाही, आणि पीरियड संपला की झेड बरोबर शून्यावर येतो, म्हणजे रीबेसिंगच्या सुरुवातीच्याच जागी. त्यामुळे पीरियड चाळीस हजार असेल तर चाळीस हजारच झेड काढायचे आणि साठवायचे, पिक्सेलांच्या फेऱ्या कोटीभर असल्या तरी. एमपीएफआरची ही कक्षा एका पाठोपाठ एकच काढता येते, तुमचे आठ कोअर तिला फारसे उपयोगी नाहीत, फार तर क्षचा वर्ग, यचा वर्ग आणि बेरजेचा वर्ग असे तीन थ्रेडवर टाकता येतील. म्हणून ती जितकी आखूड कराल तितका वेळ वाचेल, आणि अचूकतेतलं काहीच द्यावं लागणार नाही.

शून्यवेध

हे उत्तम. आधी पीरियड आणि न्यूटन, मग प्रमाण वाढवलेला डेल्टा, बीएलए त्यानंतर, २^-५३ ठेवूनच. १०^१००० चं पहिलं चित्र आलं की वजाबाकीच्या चित्रासकट इथेच टाकतो.